जुबेदाभाभींचा बाजार

लग्नाला गेल्यावर माणसं वधूवरांना शुभेच्छा देतात, पाकीट हातात ठेवतात, फोटो काढून घेतात. जुबेदाभाभी नवऱ्यामुलाला फक्त एक प्रश्न विचारतात. "रजा किती?"

मुलगा दुबईला नाहीतर बोटीवर असतो. तो लाजत लाजत काय ते सांगतो. भाभी मान हलवतात, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतात आणि समाधानाने बिर्याणीकडे वळतात. त्या मोजणीतून पुढच्या वर्षी कुठल्या मोहल्ल्यात बाळ सांभाळायला बाई लागणार, याचा अंदाज बाहेर पडतो. हिंदूंच्या लग्नात त्या मुलाला सोडून मुलीला गाठतात. "नोकरी चालू ठेवणार ना गो?" मुलगी हो म्हणाली की भाभींचा चेहरा खुलतो. मुलीच्या आईला वाटतं, काय पुढारलेल्या विचारांची बाई आहे.

भाभींचा धंदा बाळं सांभाळणाऱ्या बाया घरोघरी लावून देण्याचा. दुकान नाही, पाटी नाही. रत्नागिरीत आमच्या घरापासून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं छोटं घर आहे. त्याच्या पायरीवर सकाळी दोनतीन बाया बसलेल्या दिसतात. त्यांना भाभी 'माझ्या पोरी' म्हणतात. त्यातल्या काही पोरी भाभींपेक्षा वयाने मोठ्या आहेत. भाभी स्वतः उंच, रुंद, काळ्या बुरख्याखाली पांढरेशुभ्र धावायचे बूट, आणि आवाज असा की त्या फोनवर बोलत असल्या तर पलीकडच्याला फोनची गरज पडू नये.

भाभी बाजाराबद्दल बोलायला लागल्या की एखादा शेअर दलाल बोलतोय असं वाटतं. बाजार चढा आहे, बाजार बसला, यंदा शिवाजीनगरात मागणी नाही पण माळनाक्याला आहे. कुणी हुज्जत घातली तर हात वर करतात. "बाजार बोलतो, मी नाय."

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. माणसांपेक्षा पुस्तकांची सवय जास्त, त्यामुळे बोलणारी माणसं मला लागतात. भाभी वर बाजाराला जाताना आमच्या पडवीत टेकत, पाणी पीत आणि मला पुढच्या दहा वर्षांचं भविष्य सांगत. त्यांचं म्हणणं असं की बाळं कमी होत चालली आहेत, पण बाया त्याहून कमी होत चालल्या आहेत. गावातल्या मुली आता मासळीच्या कारखान्यात जातात, मॉलमध्ये उभ्या राहतात, नर्सिंगचा कोर्स करतात. म्हणून बाजार चढाच राहणार. पण खरं कारण दुसरंच, असं सांगून त्या आवाज खाली आणत.

"आज्यांचा तुटवडा आहे, सर. पूर्वी आज्या फुकट मिळायच्या. आता एक आजी पुण्याला, दुसरी सहलीला, तिसरीचा सकाळी योगा."

हे सगळं वाचून भाभी अचूक भविष्य सांगतात असा समज होईल. तसं काही नाही. एका वर्षी आखातातल्या कुठल्याशा कंपनीतून आपल्याकडचे बरेच जण लग्नाच्या हंगामात रजेवर आले. भाभींनी पेरं मोजली आणि संगमेश्वरकडून बाया आणून तयार ठेवल्या. बाळं ठरल्याप्रमाणे झाली, पण तोवर कंपनीच बंद पडली आणि सगळे बाप घरी येऊन बसले. करणार काय, तेच बाळं सांभाळू लागले. बाजार कोसळला. त्यातला एक बाप पोराला न्हाऊ घालण्यात इतका तरबेज झाला की भाभींनी त्यालाच कामावर घ्यायचा घाट घातला. तो तयारही झाला होता, पण बायकोने नकार दिला. चांगला पोरगा हातचा गेला, असं भाभी अजून म्हणतात.

बाई मागणाऱ्या घराची तपासणी त्या स्वतः करतात. बाई कशी आहे हे लोकांनी विचारायच्या आत घर कसं आहे हे त्या विचारून घेतात. सकाळी घरात आधी कोण उठतं. टीव्ही किती मोठ्याने लावता. आणि मग, बाईला चहा कुठल्या कपात देणार, तो कप जरा दाखवा. कप निराळा निघाला, कपाटामागे किंवा खिडकीत ठेवलेला, तर भाभी पाणी पितात, बाळाच्या गालाला हात लावतात आणि निघतात. कारण सांगत नाहीत. त्या घराला मग कितीही फोन केले तरी 'बाया नाहीत' एवढंच उत्तर मिळतं.

एका डॉक्टर जोडप्याला बाळाशी इंग्रजीत बोलणारी बाई हवी होती. बाळ अजून मराठीतपण बोलत नाय, असं भाभींनी निदर्शनास आणून दिलं. एका आंबेवाल्याला बाळ सांभाळून स्वयंपाक करणारी, धुणं धुणारी आणि एप्रिलमध्ये पेट्या भरायला हात लावणारी बाई पाहिजे होती. भाभींनी त्याला विचारलं की बाळालापण पेंढ्यात घालून ठेवणार काय. एका घरात आपोआप हलणारा विजेचा पाळणा होता. मालकीणबाई म्हणाल्या, हा आल्यापासून बाईची गरज निम्मी झाली. भाभी पाळण्याशेजारी बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हलतो चांगला. पण 'आले, आले हां' म्हणतो काय?"

त्या घरात आज भाभींची एक पोर कामाला आहे. पाळण्यात कपडे वाळत घातलेले असतात.

आमच्या घराशी या सगळ्याचा संबंध येण्याचं कारण नव्हतं. माझी मुलगी मुग्धा इथेच बँकेत आहे, जावई बोटीवर. तिला दिवस गेले तेव्हाच माझ्या पत्नीने, वसुधाने, सगळं ठरवून टाकलं होतं. मागची खोली तिने बाळासाठी लावायला घेतली. खिडकीला पडदे शिवले. मुग्धाने रजा संपली की निर्धास्त कामावर जायचं, बाळ आजीकडे. मग पावसाळ्यात वसुधाला ताप आला आणि तो उतरला नाही. बाळाचा जन्म तिने पाहिला नाही. ओवी झाली तेव्हा मागची खोली बंद होती. मी ती उघडली नाही आणि मुग्धाने विचारलं नाही.

ओवीला पाहायला भाभी आल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांना बोलायला काही सुचलं नाही. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "हे घर मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं, सर. वसुधाभाभी होत्या ना."

समाचाराला आलेली माणसं पुष्कळ बोलून गेली होती. त्यातलं मला काही आठवत नाही. हे आठवतं.

मुग्धाची रजा संपत आली तशी आम्हाला बाई लागली. भाभींनी आमचे कप पाहिले, मला सकाळी कोण आधी उठतं ते विचारलं, इतक्या वर्षांची ओळख विसरून सगळी तपासणी केली आणि घर पास केलं. पहिली बाई दुसऱ्या दिवशी आली नाही. घर फार शांत आहे आणि पुस्तकं बघत राहतात, असं तिने कळवलं. दुसरी सगळ्यांना आवडली, तिला नवऱ्याने मुंबईला बोलावून घेतलं. मग बाजार एकदम आटला. भाभी रोज येऊन नाही म्हणून सांगत. शेवटचा आठवडा उरला. बँकेने रजा वाढवून द्यायला आधीच नकार दिला होता. मुग्धाने एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं की येत्या सोमवारपर्यंत बाई मिळाली नाही तर ती राजीनामा देणार. ओवीला पाळणाघरात इतक्यात ठेवायला तिचं मन घेत नव्हतं, आणि माझ्या हाती बाळ सोपवून जायला तिची हिंमत नव्हती. तिचं बरोबर होतं. ती नोकरी तिने किती अभ्यास करून मिळवली होती हे मी पाहिलं होतं, आणि वसुधाने तर त्या अभ्यासाला रात्रंदिवस चहा पुरवला होता.

गुरुवारी दुपारी भाभी रुपालीला घेऊन आल्या.

रुपाली देवरूखच्या पुढच्या डोंगरातल्या गावची. आठदहा दिवसांपूर्वी रत्नागिरीत बहिणीकडे आली होती, काम शोधत. लहानखुरी, नीट बांधलेले केस, कमी बोलणारी. पोरंबाळं काय, असं मुग्धाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, एक मुलगी आहे, शाळेत जाते, सासूजवळ असते.  भाभी परीक्षेच्या तयारीला लागल्या.

भाभींची परीक्षा म्हणजे बाळ रडेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. रडलं की घरच्यांनी हलायचं नाही, बाईने काय करायचं ते करायचं. जी धावत सुटते ती नापास. जी आधी घरच्यांकडे बघते तीही नापास. नुसती उठते ती पास. आम्ही चौघं पडवीत चहा पीत बसलो. ओवी झोपेतून उठली, इकडेतिकडे पाहिलं आणि तिने सूर लावला.

रुपाली उठली. अगदी पाहिजे तशी उठली. दोन पावलं गेली आणि मध्येच थांबली. ओढणी छातीवरून गच्च ओढून घेतली, मग आमच्याकडे पाठ करून पाळण्याशी खाली बसली आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायला लागली. ओवी गप्प झाली. मला हायसं वाटलं. मुग्धाकडे पाहिलं तर ती आनंदलेली दिसेना. ती रुपालीच्या पाठीकडे पाहत होती.

"नाय चालणार," भाभी म्हणाल्या.

मी कारण विचारलं.

"उंची जास्त आहे. पाळणा खाली आहे तुमचा. कंबर जाईल पोरीची."

रुपाली भाभींच्या खांद्यालाही लागत नव्हती. मी म्हणालो, पाळणा वर बांधता येईल. भाभी म्हणाल्या, वर बांधलेला पाळणा चांगला नाय. मी म्हणालो, मग खाटेवर झोपवू. खाट तर आणखीनच वाईट, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला राग आला.  स्वतःच्या उंचीबद्दल रुपालीला काही म्हणायचं नव्हतं. मुग्धा उठली, आत गेली आणि स्वतःचा एक धुतलेला कुर्ता घेऊन बाहेर आली. तो तिने रुपालीच्या हातात दिला आणि तिला न्हाणीघराची वाट दाखवली.

मग माझ्या लक्षात आलं. ओवी रडली तेव्हा रुपालीला पान्हा फुटला होता. भाभींना ते तिच्या थबकण्यावरून कळलं होतं, मुग्धाला आई म्हणून कळलं होतं, आणि मी पाळण्याच्या उंचीवर वाद घालत बसलो होतो.

रुपाली कुर्ता बदलून आली तेव्हा सगळं सांगून मोकळी झाली. मुलगी शाळेत जात नव्हती. दहा महिन्यांची होती, स्वरा नाव. नवरा मुंबईला, त्याचं काम सुटलेलं. लहान मूल घरी ठेवलेल्या बाईला भाभी काम देत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिने वय वाढवून सांगितलं.

"मग बाळासकट का नाही देत काम?" मुग्धाने भाभींना विचारलं.

"बाळासकट बाई कोण घेतो गो बाय? बाजारात असं घर नाय. लोक म्हणतात आमच्या पोराकडे बघेल की तिच्या. मी काय जबरदस्ती करू? बाजार बोलतो."

या वेळी 'मी नाय' त्या बोलल्या नाहीत. त्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकल्या आणि तशाच वाकून बोलायला लागल्या, जणू बुटांनाच सांगत होत्या. "मी कुवेतला गेले तेव्हा माझा इम्तियाज हिच्या पोरीएवढाच होता. बाजार फार चांगला होता तेव्हा. तिथल्या घरात तीन पोरं वाढवली, तिन्ही मला सोडायची नाहीत. परत आले तर इम्तियाज धावायला लागलेला. सगळे त्याला सांगतात, जा रे, आई आली. तो सगळ्यांकडे गेला. मग सासूने पाठीवर हात ठेवला तेव्हा माझ्यासमोर आला आणि मला सलाम केला."

मी म्हणालो, लहान मुलं अशी करतात, पुढे ठीक होतं.

"ठीकच आहे ना. मुंबईला असतो. दर जुम्म्याला फोन करतो, तब्येत विचारतो. फार अदबीने बोलतो माझ्याशी." नाड्या बांधून झाल्या होत्या, तरी त्या वाकलेल्याच होत्या. "पोरं आईशी अशी अदबीने बोलत नाहीत, सर."

 मग मुग्धा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा, मागची खोली आहे."

 त्या खोलीत शिवून ठेवलेले पडदे होते आणि वसुधाची शिवणकामाची पेटी अजून उघडीच होती. मी म्हणालो, "खिडकीची कडी सैल झालीय. ती आधी नीट करून घ्यायला हवी."

भाभी सरळ झाल्या. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. हे काम वेगळं आहे, याचा भाव आपल्याला माहीत नाही, उद्या तक्रार चालणार नाही, असं त्या बऱ्याच मोठ्याने बोलल्या. दोन्ही पोरं एकदम रडली तर काय करणार, असं रुपालीला दरडावून विचारलं. रुपाली म्हणाली, "दोन मांड्या आहेत ओ, भाभी." भाभींना हे उत्तर आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

अडचण सासूची होती. रुपालीने फोन केला तर सासूने सुनावलं की टाकून गेलीस तेव्हा नाही आठवली, आता पोर लळा लावून बसली तर न्यायला निघालीस. रुपाली रडायला लागली. भाभींनी फोन काढून घेतला. तू गेलीस तर दोघी भांडाल, म्हणाल्या, आणि भांडण करणं माझं काम आहे, तेव्हा मीच जाते. त्या गावच्या कितीतरी बाया त्यांनी कामाला लावल्या होत्या, तिथे त्यांना सगळे ओळखत. शुक्रवारी सकाळच्या एसटीने त्या गेल्या.

मी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली. मुग्धाने खोली झाडली. शिवणकामाची पेटी मी बंद केली आणि माझ्या टेबलाखाली आणून ठेवली. पडदे लावले तेव्हा कळलं की एका पडद्याची शिलाई अर्धीच झाली होती. तो तसाच लावला.

चारच्या सुमाराला रिक्षा दाराशी थांबली. भाभी उतरल्या. कडेवर स्वरा, खांद्याला गाठोडं, हातात नाचणीच्या सत्त्वाचा डबा. डबा सासूने दिला होता. सासू आधी भांडली, मग रडली, मग पोरीला काय खायला घालायचं आणि काय नाही ते इतकं सांगत बसली की बस चुकता चुकता राहिली. तिलाही चार दिवस राहायला बोलावलंय, असं भाभींनी आमच्या वतीने जाहीर केलं.

रुपाली पायऱ्या उतरून धावली. "स्वरा," म्हणाली आणि तिने हात पुढे केले.

स्वराने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून भाभींच्या खांद्यात खुपसलं. गावाहून निघाल्यापासून ती भाभींच्याच कडेवर होती, त्यांच्या आवाजाला सरावली होती. रुपालीने पुन्हा हाक मारली. मुलीने बुरखा मुठीत घट्ट धरला. रुपालीचे हात तसेच हवेत राहिले. मुग्धा ओवीला घेऊन दारात उभी होती, ती पुढे यायची थांबली.

भाभींचा चेहरा उतरला. एरवी पोर त्यांना बिलगलं की त्या चार लोकांना बोलावून दाखवतात.

"हात काढ," त्या रुपालीला म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता, इतका हलका होता. "वर जा. खाली बस नुसती. बोलवू नकोस."

रुपाली पडवीत भिंतीला टेकून बसली. भाभी वर आल्या. मुठीतला बुरखा त्यांनी एकेक बोट सोडवत मोकळा केला, स्वराला पडवीच्या मधोमध खाली बसवलं आणि ती वळून बघायच्या आत घराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. दाराची फळी ओढून घेतली. बुरख्याचं टोक बाहेर राहिलं होतं, तेही आत घेतलं. मुग्धाला आणि मला त्यांनी हाताने खूण केली तसे आम्हीही आत सरकलो.

स्वराने मागे पाहिलं, भाभी नव्हत्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओठ काढले. पडवीत आता एकच माणूस होतं.

दाराआड भाभी माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. एवढी मोठी बाई, पाठ भिंतीला चिकटवून, श्वास धरून. बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं आणि त्यांनी डोळेही मिटून घेतले होते. पोरीच्या हातातल्या मनगट्या जमिनीवर वाजल्या. थांबल्या. पुन्हा वाजल्या. मग बराच वेळ काही आवाज आला नाही.

"गेली काय?" भाभींनी ओठांतल्या ओठांत विचारलं.

मी फटीतून पाहिलं. रुपालीने ओढणी डोक्यावरून पुढे घेतली होती आणि तिच्याखाली स्वराला पाजायला घेतलं होतं. बाहेर दोन लहान तळपाय दिसत होते.

"गेली," मी म्हणालो.

भाभींनी मान हलवली. आता त्यांना बाहेर यायला हरकत नव्हती. पण त्या दाराआडच उभ्या राहिल्या.